तीस जोड्या डोळे

स्पर्धा समितीवाल्यांनो, या तीस माणसांची तोंडं तुम्ही पुसलीत. नियमपुस्तिकेचं चौथं पान तुमचंच आहे. 'संपूर्ण सैन्य एकाच हाताने रंगवल्यासारखे दिसावे. गुण दहा.' कुणाच्या हाताने, ते लिहायला तुम्हाला जागा पुरली नाही. एका घरात रंगवणारे दोघं असू शकतात आणि त्यातलं एक माणूस सत्तरीचं असू शकतं, हे तुमच्या टाळक्यात आलंच नाही. दहा गुणांची काडी लावलीत आणि हात झटकून मोकळे झालात.

पण सगळं तुमच्या गळ्यात घालून तोही सुटत नाही.

तो म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा एक बेचाळीस वर्षांचा माणूस. दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोखंडी दोरांना लटकून काम करायचं, हाताचं ग्रीस साबणाने तीनदा धुवायचं आणि रविवारी सायकलच्या दुकानावरच्या क्लबाच्या खोलीत जाऊन लढाया खेळायच्या. लढाया म्हणजे टेबलावरच्या. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, पुठ्ठ्याच्या टेकड्या, अंतर मोजायला टेप आणि कोण मेलं ते ठरवायला फासे. दोन वर्षं तो दुसऱ्यांचं सैन्य मागून खेळला. त्यामुळे क्लबात त्याचं नावच 'उसने' पडलं होतं. "आज कुणाचे जीव घेऊन आलात, उसने?" असं मास्तर दर रविवारी विचारायचे. मास्तर म्हणजे भूगोल शिकवणारे, क्लबातले सगळ्यात जुने खेळाडू. ते विचारायचे आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. घरी गेल्यावर मात्र तो फोनवर सैन्यांच्या किमती बघत बसायचा.

म्हणून स्पर्धा जाहीर झाली तेव्हा त्याने हट्टाला पेटून स्वतःचं सैन्य घेतलं. तीस पायदळाचे सैनिक, सहा घोडेस्वार, एक तोफ, एक सेनापती. सेनापती धातूचा ओतीव, बाकी सगळे प्लास्टिकचे; उघडी तोंडं फक्त पायदळाची. खोक्यातून ते हातपाय सुटे असे निघतात. पात्याने कापायचे, कड घासायची, चिकटवायचे, मग रंगवायचे. रंग नसलेला सैनिक टेबलावर चालत नाही, हाही समितीचाच नियम. हातात सात आठवडे होते.

गणवेश त्याने निळा केला, पट्टे पांढरे, बूट काळे. तिथपर्यंत सगळं बरं चाललं. चेहऱ्यांपाशी घोडं अडलं. गव्हाच्या दाण्याएवढं तोंड, त्यात डोळे. पहिल्या सैनिकाचे डोळे त्याने केले ते दोन वेगवेगळ्या गावांना बघत होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आधी पांढरा लावतोयस. म्हणून फसतंय."

"मग काय लावू?"

"आधी काळा. काळ्यात पांढरी रेघ. मग मध्ये बाहुली. सरक तिकडे."

आई बाहुल्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं डोळ्यांच्या विभागात होती. दिवसाला दोनशे बाहुल्या, म्हणजे चारशे डोळे. एवढ्या वर्षांत तिने रंगवलेली एकही बाहुली कुणाच्या हातात बघितली नव्हती. डोळे झाले की ट्रे पुढे जायचा, पुढे केस लावणाऱ्या बायका, मग खोकं, मग ट्रक. निवृत्त झाली त्या दिवशी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते अर्धा तास पुढे पळतं.

तिने बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला सैनिक डाव्या हातात धरला, कोपर टेबलाला टेकवलं, श्वास रोखला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. हात थोडा थरथरायचा. पण ब्रश टेकायच्या क्षणी तो थांबायचा, आणि कसा थांबायचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

अकरा दिवसांत तिने तीस चेहरे संपवले. दुपारचं झोपणं सोडलं. भाजी करपली तरी म्हणायची, "आज खा तसंच, चौघांचे डोळे राह्यलेत." प्रत्येकाला तिने काहीतरी नाव ठेवलं होतं. हा रुसका, हा झोपाळू, हा उधारी मागायला आलेला. आणि शेवटचा सैनिक खाली ठेवल्यावर म्हणाली, "स्पर्धेला मी येणार. लोक फिरून फिरून बघतात म्हणतोस ना? मला बघायचंय ते कसं बघतात."

"तिथे बसायला खुर्ची नसते, आई."

"उभी राहीन. अठ्ठावीस वर्षं बसूनच होते."

त्याने सैनिकांचे फोटो क्लबाच्या ग्रुपवर टाकले. गणवेशाबद्दल कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी लिहिलं, "उसने, तुमच्या सैन्याला कुणी मागणी घातली का? लाजतंय बिचारं." दुसऱ्याने लिहिलं, "शत्रू दिसला की मुरका मारणार हे." मग हसण्याची चित्रं, एकाखाली एक, पंचवीस तरी. त्याने फोटो मोठा करून बघितला. खरंच होतं. डोळे मोठे होते, पाणीदार होते, पापण्यांना बारीक बाक होता. बाहुल्यांचे डोळे होते ते. बंदुका घेतलेल्या तीस बाहुल्या.

मास्तरांनी विचारलं, "चेहरे कुणी केले?"

आता इथे समिती नव्हती, नियमपुस्तिका नव्हती. फोन त्याच्या हातात होता आणि उत्तर तीन अक्षरांचं होतं. त्याने लिहिलं, "भाचीने. लहान आहे, हट्ट करत होती." त्याला सख्खी सोडाच, चुलत बहीणसुद्धा नव्हती. लिहिल्यावर त्याचे कान तापले. फोन त्याने उशीखाली ठेवला, जणू आतून कुणी आईला हाक मारणार होतं.

मग त्याला चौथं पान आठवलं. एकाच हाताचं दिसावं. दहा गुण. आणि त्याला हायसं वाटलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. लाजेला कागदाचा आधार मिळाला. आपण आईचं काम पुसत नाही, नियम पाळतोय, असं त्याने स्वतःला पटवलं.

स्पर्धेला तीन दिवस असताना आई दुपारी दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला गेली. त्याने रजा टाकली होती. दोरांच्या चाकांवरचं ग्रीस काढायचा थिनर त्याने कामावरून बाटलीत आणला होता. सेनापतीचा रंग एकदा चुकला होता तेव्हा याच थिनरने तो पाच मिनिटांत लख्ख झाला होता. गणवेश खराब होऊ नयेत म्हणून त्याने डोकं लढवलं. बुटांच्या खोक्याच्या झाकणाला तीस भोकं पाडली, त्यांतून सैनिक उलटे अडकवले आणि खाली पसरट डब्यात थिनर ओतला, फक्त मानेपर्यंत येईल एवढा. तीस माणसं डोक्यावर उभी, तोंडं बुडालेली. चहा ठेवायला म्हणून तो आत गेला.

सेनापती धातूचा होता, हे प्लास्टिकचे आहेत, हे त्याला चहा उकळताना आठवलं. क्लबात नवख्यांना पहिल्याच रविवारी सांगतात, प्लास्टिकला थिनर नाही. त्यानेही चारजणांना सांगितलं होतं.

झाकण उचललं तेव्हा नाकं गेली होती. कपाळं हनुवटीवर उतरली होती. एकाला बोट लावलं तर ओल्या साबणासारखा गाल बोटाला आला. डब्याच्या तळाशी काळापांढरा गाळ हळूहळू फिरत होता. तो जमिनीवर बसला. चहा उतू गेला, गॅस विझला, वास आला तेव्हा उठून त्याने बटण बंद केलं.

आई यायच्या आत त्याने डबा धुतला, सैनिक कपाटात लपवले, खिडक्या उघडल्या. वास कसला म्हणून तिने विचारलं तर म्हणाला, "कामाचे कपडे."

खोक्यात जास्तीची डोकी येतात, तोंड पूर्ण झाकणाऱ्या शिरस्त्राणांची. ती त्याने वापरली नव्हती. पुढचे दोन दिवस पहाटे उठून, आई झोपेत असताना, त्याने तीस मुंडकी पात्याने उडवली आणि तीस लोखंडी टोप चिकटवले. करडा रंग, काळी फट, कडेला पितळी रेघ. सगळे एकसारखे. काम सफाईदार झालं, त्यात शंका नाही. शेवटच्या संध्याकाळी आई म्हणाली, "एकदा दाखव ना, मग बांध."

"बांधलंय आई. आता उघडलं तर रंग निघेल."

"बरं," ती म्हणाली. "आमच्याकडेही ट्रे पुढे गेला की हात लावू देत नसत."

स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. आठ टेबलं, घामाचा आणि रबराचा वास. सकाळी परीक्षक बाई पाटी घेऊन आल्या, टेबलाभोवती वाकून फिरल्या. "एका हाताचं काम आहे. शिस्त दिसते," म्हणाल्या आणि दहापैकी दहा लिहिले. त्याने मान हलवली. आभारसुद्धा मानले. पहिली लढाई तो हरला, आणि दुसरी मास्तरांशी लागली. मास्तर म्हणाले, "आता जमलं बघा. तो मुरका मारणारा माल कुठे टाकलात?"

त्याने फासे उचलले आणि उगाच हलवत राहिला.

साडेबाराला आई आली. इस्त्रीची साडी, हातात दांडीचं भिंग. आणि एकटी नव्हती. बरोबर केसवाली होती, कारखान्यात तिच्या पुढच्या टेबलावर बसून बाहुल्यांना केस लावणारी. दोघी एकमेकींचा हात धरून टेबलं चुकवत येत होत्या. केसवाली लांबूनच म्हणाली, "कुठे गं तुझी पोरं?"

"ती निळी," आई म्हणाली. गणवेश तिने ओळखला.

तिने भिंग धरलं आणि वाकली. पहिली रांग. दुसरी रांग. घाई नव्हती तिला. एकेकापाशी थांबत होती, सैनिकाच्या मागे जाऊन पुढे येत होती, जणू तोंड पलीकडे फिरवलं असेल. केसवालीने भिंग मागितलं, तिने दिलं नाही.

काकू कुणाच्या कोण हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, पण त्यांना वाटलं समजावून सांगावं. "टोप आहेत काकू ते. आधी यांच्या भाचीने तोंडं रंगवली होती, पार बाहुल्या करून टाकल्या होत्या. यांनी रात्रंदिवस खपून सगळं नवीन केलं. दहापैकी दहा मिळालेत."

"भाचीने," आई म्हणाली.

"लहान आहे म्हणे."

केसवालीने आईकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग खाली फरशीकडे. तिला घरची माणसं माहीत होती. ती दोन पावलं मागे सरली आणि दुसऱ्याच टेबलावरच्या टेकड्या बघू लागली. तिचं ते मागे सरणं त्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. जमीन दुभंगेल तर बरं, असं त्याला वाटलं, पण व्यायामशाळेची फरशी पक्की होती.

"आई, घरी गेल्यावर बोलू," तो हळू आवाजात म्हणाला.

"घरी तू बोलला नाहीस."

"थिनर सांडला गं. चुकून..."

"चुकून सांडला तर भाची कुठून आली?"

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात घातला. शेजारच्या टेबलावरचे फासे थांबले. परीक्षक बाई पाटी छातीशी धरून उभ्या राहिल्या. त्याच्या तोंडात शब्द होते, नियम, चौथं पान, दहा गुण. पण त्यातला एकही आईपुढे ठेवण्यासारखा नव्हता, हे त्याचं त्यालाच कळत होतं. त्याने एक सैनिक उचलला, परत खाली ठेवला. तो आडवा पडला. उभा करायला त्याचा हात पुढे गेला नाही.

आई रडली नाही. आवाजही चढवला नाही. कारखान्यात माल परत आला की तपासनिसापुढे उभी राहायची तशी ती उभी राहिली, हात पुढे एकावर एक ठेवून.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "काम वाईट होतं, की ते मी केलंय हे सांगायला तुला लाज वाटली? काम वाईट असेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. अठ्ठावीस वर्षं ऐकलंय. पण दोन्हीतलं एक सांग. इथे सांग, यांच्यासमोर. मी थांबलेय."