उभ्या पायाचं माप

प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, ज्याला स्वतःला सुधारायचं असतं आणि त्याच्या सुधारण्याचा ताप बाकीच्यांना होतो. फार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत असे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ते बूट शिवत. तेही आखूड, वाकड्या, किंवा मोडून भलतेच जुळलेल्या पायांचे. त्या काळी असा कारागीर शोधूनही सापडत नसे.

मास्तरांना देवासारखं व्हायचं होतं, आणि ते हे उघड सांगत. देवात दोष नाही, तेव्हा आपल्यातला एकेक दोष काढत गेलं की माणूस देवाच्या जवळ पोहोचतो, असं त्यांचं सरळ गणित. त्यासाठी एक वही होती. आधी तपकीर सुटली, मग खोटं बोलणं, मग उशिरा उठणं. शेवटी रागाचा नंबर लागला. ‘आज रागावलो नाही’ असं ते रोज संध्याकाळी वहीत लिहीत. दोन वर्षांत एकही दिवस खाडा नव्हता.

दुकानात चामडं शिवायला त्यांच्या पत्नी बसत. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. “ह्यांचे दोष संपत आले, आता आमचे मोजायला घेतलेत,” असं त्या सुई ओवता ओवता सांगत. कारण मास्तर ओरडत नसत हे खरं, पण समजावत. भाजीत मीठ जास्त पडलं, टाका तिरका गेला, की अर्धा तास शांत आवाजात समजावणं चाले. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या, असं काकूंचं मत होतं.

एके दिवशी दुपारी सिस्टर दुकानात आल्या. इस्पितळात तीस वर्षं काढलेल्या परिचारिका. जिन्यावरून पडून त्यांचा डावा पाय घोट्यात मोडला होता आणि वाकडा जुळला होता. मास्तरांनी त्यांना दोन जोड करून दिले होते आणि दोन्ही परत आले होते. हा तिसरा. त्यांनी बाकावर बसून बूट काढला, मोजा काढला. करंगळीच्या मुळाशी कातडं सोललं होतं.

वॉर्डात दिवसभर उभं राहावं लागतं. पहिल्या तारखेपर्यंत नीट उभं राहता आलं नाही तर कागद लिहायच्या टेबलावर बसवतो, असं मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. रोग्यांपासून दूर बसायचं म्हणजे त्यांच्या लेखी घरीच बसण्यासारखं होतं. पहिली तारीख नऊ दिवसांवर आली होती.

मास्तरांनी फळीवरून सिस्टरांच्या पायाचा प्लास्टरचा साचा काढला. गुळगुळीत, पांढराशुभ्र. त्यावर बूट चढवला आणि कडेनं बोट फिरवलं. केस जाईल एवढी फट नव्हती.

“बघा,” ते म्हणाले, “बुटात दोष नाही.”

“म्हणजे पायात आहे?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“पण मनात तेच आहे. मग खोटं बोललात म्हणून लिहा तुमच्या वहीत.”

मास्तर हसले. ते हसू पाहून भल्याभल्यांचं डोकं फिरायचं. मग त्यांनी समजावायला घेतलं. नवं चामडं जरा वेळ घेतं, मन शांत ठेवलं की वेदना कमी जाणवते, आणि तक्रारीची सवय लागली की माणसाला सुखाचाही बूट चावतो. सिस्टर ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, दुखण्यानं की संतापानं कोण जाणे.

तेव्हा काकूंनी हातातलं चामडं खाली ठेवलं.

“माप खुर्चीत बसवून घेतलंत,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली. काकूंनी सांगायला सुरुवात केली आणि मग त्या थांबेनात. सासरे होते तेव्हा गिऱ्हाइकाला ओल्या प्लास्टरवर उभं करत. माणूस थरथरायचा, साचा फाकायचा, कडा ओबडधोबड यायच्या. मास्तरांना ते बघवेना. हातात दुकान येताच त्यांनी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, पाय अधांतरी धरून माप घ्यायला सुरुवात केली. साचे सुंदर येऊ लागले. पण अंगाचा भार पडला की पाय पसरतो, आणि वाकडा पाय तर कुठल्या कुठे पसरतो. बूट साच्याला बसत होता, माणसाला नाही.

“हे मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही मला अर्धा तास समजावलंत. परत सांगायची हिंमत झाली नाही.” काकूंनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. “दोन वर्षं लोक मागच्या दारानं माझ्याकडे येतात. मी त्यांचे बूट ओले करून सैल करून देते. मास्तरांना कळू देऊ नका, म्हणतात. एवढा देवमाणूस, त्यांना कसं दुखवायचं! तुम्हाला राग येत नाही, कारण राग येण्यासारखं काही आम्ही तुमच्यापर्यंत पोहोचूच देत नाही.”

मास्तरांचा चेहरा लालभडक झाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चामडं टोचायची आरी उचलून टेबलावर आपटली. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, “मास्तर, देवाला कुणीही काहीही सांगू शकतं. शिव्यासुद्धा देतात लोक. मी वॉर्डात रोज ऐकते. तो ऐकून घेतो. तुम्हाला मात्र बूट चावतो एवढंही सांगायची सोय नाही. मग देवासारखे तुम्ही झालात तरी कुठे?”

मास्तरांनी तो गुळगुळीत साचा उचलून बाजूला ठेवला. मग ते उठले, प्लास्टर कालवलं, आणि म्हणाले, “सिस्टर, उभ्या राहा.”

सिस्टरांनी एका हातानं टेबल धरलं, दुसऱ्या हातानं काकूंचा खांदा. मास्तर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पायाच्या कडेला तळहात लावला. भार पडताच करंगळीचं हाड बाहेर सरकलं, हाताला टेकलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी असा भार पेलणारा पाय हातात धरलाच नव्हता. साचा वेडावाकडा आला. त्यांनी तो तसाच ठेवला.

चौथा जोड आठव्या दिवशी झाला. रुंद, बेढब, एका बाजूला फुगलेला. सिस्टर दुकानात दोन फेऱ्या मारून थांबल्या आणि जरा बिचकत म्हणाल्या, टाचेला किंचित लागतंय.

“कुठे? बोट ठेवून दाखवा,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले. पहिल्या तारखेला सिस्टर वॉर्डात उभ्या होत्या.

पुढचे दोन महिने मास्तर जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जात होते. ते सोपं नव्हतं. दार उघडलं की जो तो म्हणे, छे छे, उत्तम आहे बूट! मास्तर दारातच बसत आणि म्हणत, “काढून दाखवा पाय. मी समजावणार नाही.” काहींनी दाखवला. एका म्हाताऱ्या कारकुनानं तर पाय पुढे केला आणि दोन वर्षांची साठलेली बोलणी त्यांना भरपेट ऐकवली. मास्तरांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती, असं काकू सांगायच्या. पण ते उठले नाहीत. माप घेऊनच उठले.

वाचकहो, आपणही स्वतःला सुधारायला निघतो. पहाटे उठतो, गोड बोलतो, वाईट सवयी सोडतो. ते करावंच, कष्टाशिवाय कुणी चांगलं होत नाही. पण देवाच्या वाटेनं आपण किती पुढे गेलो, हे आपलं आपल्याला कळत नाही. ज्यांना आपला जाच होतो, त्यांना तो आपल्या तोंडावर सांगता येतो का, एवढं बघावं. येत नसेल, तर आपण देवापासून अजून फार दूर आहोत. मग आपल्यात एकही दोष उरलेला नसला तरी!