आंघोळीच्या पाण्याची चूल

बहात्तर साली सरकारी पाहणीचा बाबू इंदोऱ्यात लहानूच्या घरी आला. सरकारला गरिबी मोजायची होती, आणि सरकारी हिशोबात एक चूल म्हणजे एक घर.

"एका चुलीवर जेवणारे किती?"

"आम्ही चौघं आन् माय," लहानू म्हणाला.

मागच्या अंगणात तीन विटांची दुसरी चूल पेटलेली बाबूला दिसली. "ती कोणाची?"

"आंघोळीच्या पाण्याची, सायेब," लहानूची माय जयवंता घाईनं बोलली.

"त्या गंजात तर कण्या शिजून राहिल्या, आजी."

"मले मऊ गरगट लागते गा. दात नाहीत."

ती हसली आणि तिचे सगळे दात दिसले. सून भिंतीकडे पाहू लागली. लहानूचे कान तापले. बायकोच्या कटकटीपायी मायला वेगळी चूल मांडून देताना मात्र ते थंड होते.

"आम्ही चौघंच हावो," तो मान खाली घालून म्हणाला. "मायचं घर वेगळं लिहा."

"काहून सांगतलं बाप्पा?" जयवंता पुटपुटली. आता तीही वर पाहीना.

बाबूनं नवा कागद घेतला. "आजी, तुमच्या घरात कर्ता कोण?"

जयवंतानं लहानूकडे बोट दाखवलं.