ग्रोक, अल्ट्राक्रेपिडेरियन आणि जोडलेले हात

आमच्या अन्नपूर्णेच्या कॉलनीत मराठी मंडळाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्यावर रोज सकाळी शंकरराव इंग्रजीचे दोन शब्द टाकतात. साधेसुधे नाही. इंग्लंडातही ज्यांना कोणी ओळख देत नसेल असे शब्द. आधी शब्द, मग मराठीत अर्थ, मग 'वाक्यात उपयोग', आणि खाली 'आपला विनम्र, शंकरराव'.

शंकररावांची अख्खी नोकरी सांवेर रोडवर पंपांच्या एका कारखान्यात झाली, डिस्पॅचला. इंग्रजीशी संबंध म्हणजे खोक्यावर 'ही बाजू वर' एवढं लिहिण्यापुरता. पण रिटायर झाल्यावर मुलानं, निशांतनं, बंगलोरहून एक जाडजूड डिक्शनरी पाठवली आणि चांगला माणूस हातचा गेला.

मेसेज आला की ग्रुपवर हातांची रांग लागायची. जोडलेले हात. "अप्रतिम", "ज्ञानात भर", "क्या बात है काकाजी". आता कुणाचा गैरसमज नको म्हणून सांगतो, हात जोडणं म्हणजे वाचणं नव्हे. अन्नपूर्णेच्या देवळासमोरून स्कूटरवर जाताना माणूस ब्रेक न लावता छातीला हात लावतो ना, तसं ते. देवीला पोचतं, आपल्यालाही उशीर होत नाही.

शंकररावांना वाटायचं, कॉलनी शिकतेय. कॉलनीला वाटायचं, शंकरराव कामात आहेत. सगळं बिल्कुल छान चाललं होतं.

शंकररावांच्या घराला पाठ लावून सुलोचनाताईंचं घर. शंकररावांची बायको उषाताई आणि सुलोचनाताई या दोघींची मैत्री एवढी जुनी की कोणाचा डबा कोणाच्या घरात आहे हे दोघींनाही सांगता यायचं नाही. निशांत बंगलोरला, शंकरराव डिक्शनरीत, म्हणजे उषाताईंना बोलायला माणूस एकच, सुलोचना. दुपारी मागच्या ओट्यावर दोघी बसायच्या. सुलोचनाताई मन मोकळं करायच्या. त्यांचे मिस्टर रघुवीरराव, त्यांची शुगर, आणि शुगरवर पहारा ठेवणारी सून अमिता.

"अगं, कालची गंमत ऐक," असं म्हणून सुरू व्हायच्या आणि शेवटी पदरानं डोळे पुसायच्या. "नातवाच्या ताटाकडे असे बघत बसतात गं, बोलत नाहीत की मागत नाहीत. मला बघवत नाही. मग तिची पाठ वळली की मीच देते अर्धा गुलाबजाम. कुणाला बोलू नको हं."

"मी कुणाला बोलणार?" उषाताई म्हणायच्या.

आणि संध्याकाळी चहा आणि शेव पुढे ठेवून सगळं शंकररावांना सांगायच्या. नवऱ्याला सांगणं म्हणजे 'कुणाला' सांगणं नव्हे, असं आपल्याकडे धरतातच. वर बजावायच्याही, "कुणाला बोलू नका हं."

शंकररावांनी शब्द पाळला. ते कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी लिहिलं.

त्यांचं म्हणणं असं की उदाहरण जिवंत पाहिजे. 'वाघ जंगलात राहतो' असली वाक्यं शाळेत ठीक. रोजच्या वापराचं वाक्य रोजच्या घरातूनच यायला हवं. नावं ते लिहीत नसत, तेवढी सभ्यता होती. मागच्या थंडीत एका सकाळी त्यांनी हे टाकलं:

'ग्रोक. अर्थ: कोणी खात असताना, आपल्यालाही मिळेल या आशेनं त्याच्याकडे गुपचूप टक लावून बघणे. वाक्यात उपयोग: श्री. र. रोज नातवाच्या ताटाकडे ग्रोक करतात आणि सूनबाईंची पाठ वळताच सौ. सु. त्यांच्या तोंडात अर्धा गुलाबजाम सारतात.

अल्ट्राक्रेपिडेरियन. अर्थ: ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात छातीठोक सल्ले देणारी व्यक्ती. वाक्यात उपयोग: सौ. सु. म्हणतात, मोबाइलवर डाएटचा कोर्स काय केला, आमची सून घराची अल्ट्राक्रेपिडेरियन होऊन बसली.'

त्या सकाळी सुलोचनाताईंनी हात जोडले. अमितानं लिहिलं, "खूप उपयुक्त, काका." रघुवीररावांनी गुलाबाचं फूल पाठवलं. आणि उषाताईंनी, स्वयंपाकघरातून, बाहेरच्या खोलीत बसलेल्या स्वतःच्या नवऱ्याला लिहिलं, "सुंदर!"

हे असंच राहिलं असतं. पण आमच्या मंडळाचा सेक्रेटरी जयेश, त्याला उत्साहाचा आजार आहे. गणेशोत्सव जवळ आला तशी त्यानं घोषणा केली. "भिया लोग, यंदा शंकरकाकांच्या शब्दांवर क्विझ! अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. पहिलं बक्षीस एअर फ्रायर!"

एअर फ्रायर म्हटल्यावर कॉलनी जागी झाली. ज्या लोकांनी पोरांच्या दहावीला एवढा अभ्यास घेतला नव्हता ते मोबाइल वर-वर सरकवत जुने मेसेज काढून बसले. सगळ्यात जोरात अमिता. बिनतेलाच्या समोशाचं तिचं जुनं स्वप्न होतं.

आता लोक पहिल्यांदाच वाचत होते. आणि वाचता वाचता एकेका घरातून "अरे!" असा आवाज यायला लागला. कुणाची उधळी बहीण 'सौ. क.' म्हणून सापडली, कुणाचं टक्कल 'श्री. म.' म्हणून. कॉलनीत श्री. र. आणि सौ. सु. अशी जोडी एकच होती. सून, नातू आणि गुलाबजामासकट.

त्या दुपारी सुलोचनाताई मागच्या ओट्यावर आल्या नाहीत. पुढच्या दारानं आल्या, बेल वाजवून. हातात उषाताईंचा स्टीलचा डबा.

"तुझा डबा."

उषाताईंनी घेतला आणि त्यांचा हात हलका पडला. डबा रिकामा होता. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आणि हा डबा घासून, पुसून, आतून कोरडा करून आणला होता.

"सुलोचना, काय झालं गं?"

"सौ. सु. म्हण."

"म्हणजे?"

"वाच." त्यांनी मोबाइल पुढे केला. उषाताईंनी वाचलं. मग चष्मा लावून परत वाचलं.

"मी ह्यांना फक्त... सुलोचना, शपथ, मला माहीतच नव्हतं! मी पण कधी वाचत नाही गं त्यांचं!"

"मी तुला सांगितलं होतं. ग्रुपला नाही."

"अमिता काय म्हणाली?"

"काही नाही. फ्रिजमधून गुलाबजाम काढून कामवालीला दिले. आता माझ्याशी इतकी गोड बोलते की मलाच शुगर व्हायची." त्या पायरी उतरल्या आणि थांबल्या. "आणि स्टॉलचं बघून घे तुझं तू. मी नाही येत."

दरवर्षी आनंदमेळ्यात दोघींचा भुट्ट्याच्या किसाचा स्टॉल असतो. उषाताई मका किसतात, सुलोचनाताई दुधात परततात. सुलोचनाताईंचा हात नसेल तर तो कीस म्हणजे लापशी. पण उषाताईंना किसाचं काही वाटलं नाही. त्या डबा हातात धरून दारातच उभ्या राहिल्या.

मग आत वळल्या.

"अहो! हे काय लिहिलंत तुम्ही?"

शंकररावांनी वाचलं आणि चेहरा उजळला. "चांगलं जमलंय ना? दोन्ही शब्द एकाच घरात बसवलेत."

"ती माझी मैत्रीण आहे!"

"नाव कुठे आहे? सौ. सु. लिहिलंय. सु म्हणजे सुमन असू शकते, सुनंदा असू शकते..."

"आणि रघुवीररावांचा र?"

"रमेश."

"गुलाबजामाचं मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं!"

"अगं, पण हे मागच्या थंडीतलं आहे. तू तेव्हा 'सुंदर' लिहिलं होतंस." शंकररावांनी मेसेज वर सरकवला. "हे बघ. 'सुंदर', पुढे उद्गारचिन्ह. मला वाटलं, तुला पसंत आहे."

उषाताई कोरडाच डबा पदरानं पुसायला लागल्या.

"उषा... तू वाचलं नव्हतंस?"

"कामात असते मी सकाळी."

"एकही नाही?"

"सुरुवातीला एक वाचला होता. कसलातरी पक्षी होता त्यात."

शंकरराव खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे रोज तू तिकडून हात जोडत होतीस आणि मी इकडे दुसऱ्या दिवशीचा शब्द शोधत होतो. इतर लोकांचं सोड. बाहेरचे लोक आहेत. पण तू?"

आता बघा कसं आहे. घरात फसवले गेलेले दोन, फसवणारेही दोनच, आणि चहाचं आधण उकळून खाली चाललेलं. त्या संध्याकाळी शेव कोणी काढली नाही.

क्विझच्या दिवशी मांडव खच्चून भरला. निम्मे एअर फ्रायरसाठी, निम्मे आपल्याबद्दल अजून काय निघतंय ते ऐकायला. शंकरराव पहिल्या रांगेत शाल घेऊन बसले होते, जयेशनं आग्रहानं दिलेली. सुलोचनाताई एका टोकाला, उषाताई दुसऱ्या टोकाला. एरवी दोघी एका खुर्चीवर पिशवी ठेवून एकमेकींची जागा धरतात.

फायनलला अमिता आली. जयेशच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा. त्या पोरानं मेसेज स्वतः वाचले नव्हते, नुसते शब्द उचलून चिठ्ठ्या केल्या होत्या.

"तो भाभीजी, आखरी सवाल! शब्द आहे, अल... अल्ट्रा... काकाजी, हे काय लिहिलंत?"

"अल्ट्राक्रेपिडेरियन," शंकरराव म्हणाले, पण नेहमीसारखं मान उंचावून नाही.

"हां, तेच. अर्थ आणि वाक्यात उपयोग!"

मांडवात अशी शांतता झाली की मागच्या मिक्सरवर कोण चटणी वाटतंय ते कळत होतं. अमितानं माइक हातात घेतला.

"ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात सल्ले देणारी व्यक्ती. वाक्य: मी अल्ट्राक्रेपिडेरियन आहे, असं माझ्या सासूबाईंना वाटतं. पण हे त्यांनी मला नाही सांगितलं, उषाकाकूंना सांगितलं. उषाकाकूंनी शंकरकाकांना सांगितलं. आणि शंकरकाकांनी मला सोडून कॉलनीला... नाही, मलाही सांगितलं. मीच नाही वाचलं."

"करेक्ट!" जयेश ओरडला. "तालियां!"

कोणी टाळी वाजवली नाही. सुलोचनाताईंनी मान खाली घातली. अमितानं त्यांच्याकडे बघितलं आणि माइकमध्येच, अगदी हळू म्हणाली, "मला सांगायचं होतं ना, आई. अर्धा मी पण दिला असता."

तेवढ्यात मागून धडाम असा आवाज आला. सगळा मांडव वळला. रघुवीरराव प्रसादाच्या टेबलाशी उभे होते. परात पायाशी उलटी. दोन्ही गाल फुगलेले, दोन्ही हातांत मोदक. सगळी कॉलनी स्टेजकडे बघतेय ही संधी एवढ्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

आता अख्खा मांडव त्यांच्याकडे टक लावून बघत होता. रघुवीररावांनी तोंडातला घास गिळला, शांतपणे म्हणाले, "काय ग्रोक करताय?" आणि दुसरा मोदकही खाल्ला.

हसू असं फुटलं की जयेशला माइक बंद करावा लागला. अमिताही हसली. सुलोचनाताई हसता हसता सवयीनं उषाताईंच्या बाजूला वळल्या, आणि आठवून परत सरळ झाल्या.

आनंदमेळ्याच्या दिवशी उषाताई एकट्याच मका किसत बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी होतं, मक्याला काही तिखटपणा नसतो. समोर सावली पडली. सुलोचनाताईंनी काही न बोलता पदर खोचला आणि कढईपुढे उभ्या राहिल्या.

"दूध?" सुलोचनाताईंनी विचारलं.

"डावीकडे. सुलोचना, मी..."

"जाड किसलायस. बारीक कर."

दिवसभर स्टॉलवर गर्दी होती. दोघी बोलल्याही भरपूर. दुधाबद्दल, जिऱ्याबद्दल, गॅस संपत आलाय त्याबद्दल. एकदा उषाताईंनी हिंमत करून विचारलं, "घरी कसं काय चाललंय?" सुलोचनाताई म्हणाल्या, "छान." आणि कीस हलवत राहिल्या. सुलोचनाताईंनी उषाताईंना एका शब्दात उत्तर दिल्याचं कॉलनीला आठवत नाही. शंकरराव दोनदा स्टॉलसमोरून गेले, कढईकडे बघत. त्यांना कोणी प्लेट दिली नाही.

उरलेला कीस उषाताईंनी त्याच स्टीलच्या डब्यातून सुलोचनाताईंकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आत चिमूटभर साखर होती. रीत म्हणून घालतात तेवढीच. उषाताईंनी ती साखर बराच वेळ डब्यात तशीच ठेवली.

संध्याकाळी चहा झाला. शंकररावांनी कप उचलला, शेवेची बशी जवळ ओढली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, छताकडे बघत विचारलं, "मग? काल काय म्हणाली सुलोचना?"

उषाताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणाली, मीठ कमी आहे."

"बास?"

"बास. आता एवढंच म्हणते ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर दोन नवे शब्द आले. पहिल्याचा वाक्यात उपयोग होता, 'वाघ जंगलात राहतो.' दुसऱ्याचा होता, 'सौ. क्ष म्हणाल्या, मीठ कमी आहे.' हल्ली कॉलनी मेसेज शेवटच्या टिंबापर्यंत वाचते, म्हणून हात जोडायला कोणी घाई केली नाही.

पहिलं उत्तर सुलोचनाताईंचं आलं. हात नाहीत, फूल नाही. एकच शब्द. 'वाचलं.'

त्याच्याखाली, स्वयंपाकघरातून, उषाताईंचं. 'वाचलं.'