मोटारीवरची काडी

"काप म्हणतो ना! घरात दुखवटा अन् मोटारीवर तुरा? लोक तोंडात शेण घालतीन माह्या!"

भैयाजी पाटील करवत पुढे करून उभे होते. वारलू ड्रायव्हर मोटारीच्या डाव्या मडगार्डपाशी, जणू करवत त्याच्याच मानेवर यायची होती असा, अंग चोरून उभा होता.

"भैयाजी, खाली सरकवून ठेवतो ना. काडीत काडी जाते. दिसत नाई."

"कालबी सरकवली होती. पोट्ट्याईनं वढून पुन्हा वर केली. उद्या सोयरे येऊन राह्यले. मोठा भाऊ जाऊन वर्ष नाई सरलं अन् दारात झेंडा! काप."

वारलूने रेडिओची काडी कापली. एका हाताने करवत चालवली आणि दुसऱ्या हाताने काडी धरून ठेवली. पडून वाजली असती तर घरात ऐकू गेलं असतं. मडगार्डवर बोटभर खुंट उरला. त्यावर त्याने रंगाचा ब्रश फिरवला आणि काम संपलं. भैयाजी माणूस वाईट नव्हते बरं का. लोकांच्या जिभेला भ्यायचे, एवढंच. आणि सावरटोल्यात जिभांना काय तोटा!

पण त्या काडीची हौस ज्याने केली तो माणूस, रामाजी पाटील, गेल्या माघात तापाने गेला होता. मालगुजारी गेली, मान गेला, तरी मोटार होती आणि मोटारीत रेडिओ होता. गावात विजेची तार नव्हती, त्यामुळे अख्ख्या सावरटोल्याचा रेडिओ तो एवढाच. एरियल कुठे बसवायचं यावर रामाजींनी नागपूरच्या मिस्त्रीशी जो वाद घातला तेवढा त्यांनी पोरीच्या सोयरिकीतही घातला नसता, पोरगी असती तर. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरच्या मोटारीला काचेच्या कडेला आखूड काडी होती. "उंदराचं शेपूट," रामाजी म्हणायचे, "अन् आवाज तर भाजीत खडा आल्यावानी." जंगलखात्याच्या साहेबाच्या जीपला मागून लांबलचक लवचीक काडी निघायची, ती वाकवून पुढे आकड्यात अडकवलेली असे. ती एटापल्लीच्या रानातही आवाज ओढते म्हणत, पण दिसायला मासे धरायचा गळ! रामाजींना रूपही हवं होतं आणि आवाजही. म्हणून मडगार्डवर ही चकचकीत, एकात एक सरकणारी, पुरी वर केली की माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी. तिच्या टोकाला त्यांनी लाल गोंडा बांधला. मिस्त्री म्हणाला, गोंड्याने आवाजात काही फरक पडत नाही. "आमच्यात पडतो," रामाजी म्हणाले आणि विषय संपला.

ते गेल्यावर मोटार गाडीखान्यात उभी राहिली. वारलू आधीपासूनच तिथे राहत होता. बायको पहिल्याच बाळंतपणात मुलासकट दगावली, त्याला किती वर्षं झाली ते तो सांगत नसे. दुसरं घर केलं नाही. स्वयंपाकघरातून भाताची थाळी पायरीवर येई, रिकामी थाळी पायरीवर जाई. एकटेपणाची सवय होते म्हणणारे लोक असतात. त्यांना एकदा त्या गाडीखान्यात नेऊन बसवायला हवं होतं. वारलूला सवय झाली नव्हती. तो मोटार पुसायचा, बॅटरी उतरू नये म्हणून रोज थोडं इंजिन चालवायचा आणि बाकीचा दिवस दाराकडे बघत काढायचा.

आणि एका दुपारी दारातून पाटलीणबाई आल्या. गुणाबाई, रामाजींची विधवा. मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसल्या, पडदा ओढला आणि म्हणाल्या, "लाव."

वारलूने रेडिओ लावला. नागपूरहून बायकांचा कार्यक्रम चालला होता. लोणचं कसं घालावं, मग एक गाणं. संपल्यावर त्या म्हणाल्या, "बंद कर," आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग रोजच. तो पुढच्या सीटवर, पाठमोरा. एकदाही मागे वळून पाहिलं नाही, तसं पाहायचंच नसतं. पण मागे कोणीतरी श्वास घेतंय, गाण्याला पायाचं बोट हलतंय, एखाद्या बोलण्यावर हसू दाबलं जातंय, हे त्याला कळायचं. दोन शब्दांवर त्याचा दिवस उभा राहायला लागला. दुपार जवळ आली की तो आंघोळ केलेला असायचा, डोक्याला तेल लावलेलं असायचं. स्वतःशी काही म्हणत नव्हता तो. पाटलीण कुठे, आपण कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की मागच्या सीटवर माणूस बसावं.

आणि त्यावर करवत चालली.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई आल्या तेव्हा रेडिओ नुसता खरखरत होता. त्या थोडा वेळ बसल्या. "बंद कर," म्हणाल्या. त्याच्या पुढच्या दिवशी आल्या नाहीत. त्याच्याही पुढच्या दिवशी नाही.

वारलूचं जेवण तुटलं. चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराची मोटार त्याने पाहिली होती, तिला पायदानाखाली लपवलेलं एरियल होतं, वरून काहीच दिसत नसे. त्याने तांब्याची तार आणली, मोटारीखाली पाठीवर झोपून ती पायदानाला आतून बांधली. रेडिओ लावला तर मधमाशांचं पोळं! दिसायला झकास, ऐकायला भिकार. जमिनीला चिकटून नागपूर कसं ऐकू येणार?

मग त्याची नजर वर गेली. मोटार जुनी, लढाईच्या आधीची. टपाचा मधला भाग पत्र्याचा नव्हता, मेणकापडाचा होता. त्याने आतलं अस्तर कडेने उसवलं. पडक्या खुराड्याची कोंबड्यांची जाळी आणली, घासली, कापली, कुठेही पत्र्याला टेकणार नाही अशी कापडाखाली ताणून बसवली. तिची तार दाराच्या खांबाच्या आतून उतरवून रेडिओला जोडली. अस्तर पुन्हा शिवलं. बटण फिरवलं. रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या काचा तापायला वेळ लागला, आणि मग नागपूर बोललं! पहिल्यासारखं खणखणीत नव्हे, पण स्वच्छ.

तो धावतच मागच्या दारी गेला. "पाटलीनबाई, लागला! आवाज आला!"

गुणाबाई आल्या. मोटारीभोवती फिरल्या. "कुठी हाय काडी?"

वारलूने टपाकडे बोट केलं. "कोंबड्याची जाळी हाय आतमंधी."

"अवो बाप्पा!" त्या म्हणाल्या आणि उघड हसल्या. तो दिवस वारलूला सणासारखा गेला.

पावसाळा सरला. धान पोटरीला आलं. गावात पोरी घरोघर भुलाबाई मांडायला लागल्या. एका दुपारी कार्यक्रम संपल्यावर गुणाबाई उठल्या नाहीत.

"उद्यापासून भुलाबाईचे गाने लागनार हायेत म्हंते रेडिओवर. मोटार अंगनात आनजो. बायका येतीन आयकाले. भैयाजीले इचारलं मी. काडी दिसत नाई, तं त्याईचीबी ना नाई."

वारलू "जी" म्हणाला. जाळी त्यानेच बसवली होती. काडी दिसेनाशी त्यानेच केली होती. आता मोटार अंगणात जाणार, मग तिथेच राहणार, आणि हा रिकाम्या गाडीखान्यात भिंती मोजणार.

दुसऱ्या दिवशी मोटार बाहेर काढण्याआधी त्याने रेडिओच्या मागे हात घातला आणि जाळीची तार ओढून काढली.

अंगणात दहाबारा बायका जमल्या होत्या. पदर सावरत, एकमेकींना ढोसत, मोटारीपासून जरा लांब. रुखमा, शेजारच्या घरची सून, सगळ्यांत पुढे होती. गुणाबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. वारलूने बटण फिरवलं. खर्र... खर्र...

"अंगनात नाई येत पाटलीनबाई," तो मान खाली घालून म्हणाला. "आजूबाजूले छपराच्या टिना हायेत ना. गाडीखान्यातच येते."

"जाऊ द्या माय, आपल्या नशिबात नागपूर नाई!" रुखमा म्हणाली. बायका हसल्या, थोड्या घोटाळल्या आणि पांगल्या. गुणाबाईंनी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दुपारी त्या गाडीखान्यात आल्या. वारलूने तार पुन्हा जोडली होती; गाणी लागली होती, स्वच्छ येत होती. वारलूला, खोटं कशाला बोला, आनंदच झाला होता. चोरीचा होता, पण आनंद होता. आणि तेवढ्यात, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, गुणाबाई मनातलं बोलल्या. सलग बोलल्या.

"वारलूभाऊ, काल आवाज आला असता तं लय बरं झालं असतं."

त्याने रेडिओचा आवाज जरा कमी केला.

"हे गेले तवापासून एकबी बाई माह्याजोळ बसत नाई. हळदीकुंकवाचं सोडा, तांदूळ निवडालेबी कोनी बोलावत नाई. रस्त्यानं दिसली तं बाजूले होतेत. रेडिओच्या लालचीनं आल्या होत्या बिचाऱ्या. मले वाटलं, गानं आयकता आयकता बसतीन घटकाभर. आंगाले आंग लागंल." त्यांनी नाक ओढलं. "इथी काय, एकटीनंच बसाचं अन् भितीकडे पाहाचं. बंद करा."

गाणं अर्ध्यात होतं. वारलूने बटण फिरवलं. त्या गेल्या.

एकटीनंच! तो दोन हातांवर बसलेला असे. त्याच्या श्वासाचा आवाज त्यांना आला नव्हता का? तेलाचा वास? त्याला राग आला, खरंच आला. थोडा वेळ तो स्टीअरिंग धरून तसाच बसला. मग राग उतरला आणि मागे फक्त लाज उरली. अरे, तुला माणूस पाहिजे होतं, तिला नको होतं का? आणि तू काय केलंस, तर तार ओढलीस!

त्या दिवशीची थाळी तशीच परत गेली.

पुढच्या दुपारी कोणी न सांगता त्याने तार रेडिओत आणखी घट्ट बसवली, मोटार अंगणात आणली आणि भोंगा वाजवला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाजवला. गुणाबाई दारात आल्या. कुंपणावरून रुखमाने डोकं काढलं.

"काय वो वारलूभाऊ, आज टिना उडून गेल्या का?"

"या ना, या. आज येते."

बायका आल्या. त्याने बटण फिरवलं आणि कानात प्राण आणून वाट पाहिली. आवाज आला, पण कुठूनतरी विहिरीच्या तळातून. एक शब्द धड लागेना. दोन्ही अंगांना टिनाची छपरं, मधे मोटार. परवा थाप म्हणून जे सांगितलं होतं ते आज खरं होऊन समोर उभं राहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रुखमा वळलीसुद्धा.

"थांबा! जाऊ नोका कोनी!" वारलू ओरडला. तो असा कधी ओरडला नव्हता.

त्याने टपाचं अस्तर टरकन फाडलं, जाळीला उरलेल्या तांब्याच्या तारेचं टोक पिळून बांधलं आणि दुसरं टोक हातात घेऊन पायदानावर चढला. टाचा वर केल्या, हात सरळ आभाळाकडे नेला. खालून एकदम गाणं उसळलं, पोरींचा आवाज आणि टाळ्यांसकट.

"आलं! आलं!" बायका ओरडल्या.

त्याने हात जरा खाली केला. गाणं बुडालं.

"वारलूभाऊ, तसेच राह्या!" आतून गुणाबाई म्हणाल्या. "हात खाली नोका करू."

तो तसाच राहिला. दोन म्हाताऱ्या त्याच्या पुढच्या सीटवर शिरल्या. पोरी पायदानावर, बॉनेटवर बसल्या. रुखमा मागच्या दाराशी घुटमळली, मग आत शिरून गुणाबाईंना खेटून बसली आणि, "सरका ना बाई जराशा, पाय लोंबून राह्यला माहा," म्हणाली. गुणाबाई सरकल्या. गाणं बायकांच्या ओळखीचं निघालं, त्या रेडिओसोबत गायला लागल्या. त्यांत गुणाबाईंचा आवाज कोणता ते वारलूला वरून कळेना. त्याला शब्दही नीट लागत नव्हते, मेणकापडातून नुसता ठेका येत होता. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. दंडाला कळ लागली, मग बोटं बधिर झाली.

गाणं संपलं. त्याने हात खाली घेतला.

"आनखी एक हाय वो!" कोणीतरी आतून म्हणालं.

वारलूने तार दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा वर धरली.