दुहेरी घडीचा टॉवेल

प्रयोगशाळेचा नियम साधा होता: जो गिनीपिग बहिरा ठरेल, त्याला भुलीतून पुन्हा उठवायचं नाही. नवं औषध कान बिघडवतं का, एवढंच पाहायचं होतं. औषध न दिलेले सगळे नीट ऐकत होते. औषध दिलेले एकापाठोपाठ एक बहिरे निघाले आणि गेले. उरला एकटा भोपळ्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तशा कडक. यंत्राचा शब्द प्रमाण, माणसांचं ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, असा त्यांचा हिशेब. पण भोपळ्याने त्यांना पेचात टाकलं होतं. त्याच्या पाठीमागे गाजराचा डबा उघडला तरी हा शीळ घालायचा.

"औषध तर यालाही दिलंय. मग ऐकतो कसा?"

"बाई, माझ्या सासऱ्यांनाही ऐकू येत नाही," भूल देणारा डॉक्टर म्हणाला. "पण ताट वाढलं की बरोबर हजर!"

बाईंना हसू आलं. भोपळ्याला भूल दिली, कानामागे कानाचं उत्तर टिपणाऱ्या बारीक तारा टोचल्या, टकटक आवाज सोडला. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट.

"चला, हाही गेला," डॉक्टर म्हणाला.

निरोपाचा हात फिरवावा म्हणून बाईंनी त्याच्या पोटाखाली बोटं घातली आणि थबकल्या. पोट गार होतं. भुलीत शरीर स्वतःची ऊब राखत नाही, म्हणून खाली गरम गादी असते. गादीचा तापमानाचा काटा बरोबर जागी होता. पण मध्ये टॉवेल होता, दुहेरी घडीचा. मागे एकाचं पोट भाजलं तेव्हा जीव कळवळून बाईंनीच तो घालायला लावला होता. बिनऔषधाच्यांच्या चाचण्या त्याआधीच उरकल्या होत्या. गारठलेला कान उशिरा आणि क्षीण उत्तर देतो, हे बाईच विद्यार्थ्यांना शिकवत. जनावराच्या अंगाचं तापमान मात्र कुणी घेतलंच नव्हतं. गादीचा काटा होता ना!

त्यांनी टॉवेल ओढून काढला. ऊब चढेपर्यंत भोपळ्या चुळबुळू लागला. डॉक्टरने भूल वाढवली.

"झेपेल ना त्याला?"

"बेतानेच देतोय, बाई."

पुन्हा टकटक. रेघेवर एकामागून एक लाटा उठल्या, चांगल्या ठसठशीत.

"ऐकतोय हो!" डॉक्टर ओरडला. "औषध निर्दोष सुटलं!"

बाईंच्या डोळ्यांपुढे आधीचे पिंजरे आले, धुऊन पालथे घातलेले.

"आता उठवा याला," त्या म्हणाल्या.

भोपळ्या उठला नाही. डॉक्टर बराच वेळ त्याची छाती चोळत राहिला. बाईंनी गाजराचा डबा आणला, कानाशी उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"बाई, पुरे."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "अंग अजून गरम आहे."