हातून पडलेला नाही

जानकीबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि कॅमेरा कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात काउंटरवर ठेवला. त्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली होती.

"पडलाय. एवढं हिला तुमीच सांगा," त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या. "माझं सांगून तोंड दुखलं."

त्यांची सून रश्मी मागे उभी होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कॅमेरा तिच्या हातात बंद पडला, तेव्हापासून ती या विषयावर बोलतच नव्हती. बोलायला जागा तरी कुठे होती? मुलानं, महेंद्रनं, हौसेनं आणलेली वस्तू सुनेनं आपटली, हे जानकीबाईंनी विहारात सांगितलं, पाणी भरताना बोअरिंगवर सांगितलं आणि मुरबाडला विहिणीला फोन लावून तिलाही ऐकवलं. त्यानंतर आठ महिने झाले, रश्मी माहेरी गेली नव्हती.

मुलीनं कॅमेरा आत नेला. पाऊण तासानं बाहेर येऊन म्हणाली,

"आजी, हा पडलेला नाहीये. या मॉडेलमध्येच खोट आहे. आत एक पातळ पट्टी असते, ती कंपनीनं अशी बसवलीय की लेन्स आतबाहेर झाली की दर वेळी दुमडते. एक दिवस तुटतेच. आमच्याकडे असे कितीतरी येतात. फुकट दुरुस्त करून देऊ."

"नीट बघितलंस? कुठं तरी चेपला असंल."

"एक ओरखडा नाही. उलट फार जपून वापरलाय."

जानकीबाई काचेवर बोट घासत राहिल्या. मूठ लोहारानं कच्ची ठोकायची, आणि विळा निसटला की नाव ठेवायचं कापणारीला. असं कुणी त्यांच्या बाबतीत केलं असतं, तर त्याच्या सात पिढ्या त्यांनी उद्धरल्या असत्या.

"हे लिहून दे," त्या म्हणाल्या. "मराठीत. खाली शिक्का मार."

मुलगी हसणार होती. पण जानकीबाईंचा चेहरा बघून तिनं मुकाट्यानं पेन उचललं.

कल्याण स्टेशनाशी रश्मी घरी जायला आटगावची गाडी पकडायला जिन्याकडे वळली. सासू मात्र एसटी डेपोच्या वाटेला लागली होती.

"आई, लोकल इकडं."

"मला डोळे हायत. मुरबाडची येष्टी लागलीय, चल."

"आज? बरोबर काय घेतलं पण नाय."

"तोंड घेतलंय ना माझं? तेवढं पुरे."

एसटीत जानकीबाईंनी खिडकीची जागा रश्मीला दिली. एरवी त्या खिडकी कुणाच्या बापाला सोडत नसत.

ठमाबाई अंगणात सूप घेऊन वाल पाखडत होत्या. लेकीला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि तिच्या मागची विहीण दिसताच पडला. हात पदराला पुसत त्या उठल्या.

"जयभीम, विहीणबाई. आता आणिक काय केलं हिनं?"

कमरेची पिशवी सोडून जानकीबाईंनी कागद पुढे केला.

"वाच. चौथी शिकलीस ना?"

ठमाबाईंनी ओळीखालून बोट फिरवलं. "कॅमेरा... कोणाच्याही हातून... पडलेला नाही. दोष... कंपनीचा." त्यांनी तेच पुन्हा एकदा वाचलं. मग मान वर केली.

"पण ही तर मला म्हणली, 'आये, माझ्याच हातून पडला. तू त्यांच्याशी भांडाया येऊ नको.'"

जानकीबाईंनी वळून पाहिलं. रश्मीनं खाली बसून सूप हातात घेतलं होतं आणि त्यातले खडे ती एकेक करून वेचत होती. कान तेवढे लाल झाले होते. ठमाबाई भांडायला आल्या असत्या, तर दोन्ही घरांत पुन्हा कुणी कुणाचं पाणी प्यालं नसतं, हे जानकीबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

"खोटं बोललीस मला?" ठमाबाईंचा आवाज चढला. "आईशी? मी आठ महिने गावात मान खाली घालून..."

"ओ विहीणबाई!" जानकीबाई अशा काही गरजल्या की पडवीतल्या कोंबड्या उडाल्या. "माझ्या सुनेला माझ्यादेखत एक शब्द बोलायचा नाय!"

मग गुडघ्यावर हात टेकत त्या खाली बसल्या आणि रश्मीच्या हातातलं सूप त्यांनी आपल्याकडे ओढलं.

"सोड ते. तू बस गो. माहेरी आलीयस."