घोट्याएवढं पाणी

"काका, ओळखलंत ना?" असं म्हणत बाई समोरच्या खुर्चीत बसली आणि वाटाड्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

ओळखलं होतंच. दीड महिन्यापूर्वी ती, तिचा नवरा आणि दहा वर्षांची मुलगी अशी तिघं याच टेबलासमोर बसली होती. शहरापासून पाच तासांवरचं जंगल, तिथे तंबूत दोन रात्री, मधल्या दिवशी ओढा ओलांडून धबधब्यापर्यंत पायी. सगळी आखणी, वाटेच्या नकाशासकट, त्यानेच करून दिली होती. सव्वीस वर्षं या प्रवास कंपनीत बसून तो शहरातल्या कुटुंबांना रानावनात धाडत होता. कुठल्या घाटात पोरांना गाडी लागते, कुठल्या पंपानंतर पुढे पंपच नाही, तंबूचं तोंड कुठल्या अंगाला केलं की वारा शिरत नाही, सगळं त्याला तोंडपाठ. कचेरीत सगळे त्याला वाटाड्याच म्हणत.

आणि हा वाटाड्या स्वतः कधी कुठे गेलाच नव्हता. त्याचं ज्ञान सगळं परत आलेल्या गिऱ्हाइकांकडचं, गाडीवाल्यांकडचं, जंगलचौकीवरच्या पहारेकऱ्याला फोन करकरून गोळा केलेलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकाने विचारलं होतं, "तुम्ही स्वतः गेलायत का?" त्याने खरं ते सांगितलं, तर तो माणूस उठून शेजारच्या कंपनीत गेला. तेव्हापासून वाटाड्या म्हणू लागला, "गेलोय म्हणजे काय! सहकुटुंब जाऊन आलोय."

खोट्याला पाय नसतात म्हणतात. त्याने आपल्या खोट्याला बायकोचे पाय लावले. "ओढ्यात पाऊल टाकलं मात्र, आमची ही लहान पोरीसारखी किंचाळली! पाणी गार हो. पण घोट्याएवढंच. पोरंटोरंसुद्धा पार होतात."

आज 'ही' नेमकी कचेरीतच होती. दोघांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून ती लवकर येऊन भिंतीकडेच्या बाकावर मांडीवर पर्स धरून बसली होती.

"ह्यांचा पाय मोडला," बाई म्हणाली. सूर तक्रारीचा नव्हता. "ओढ्यात. पाणी मांडीपर्यंत होतं काका, आणि खाली नुसतं शेवाळ. मधोमध घसरले. कसंबसं काठावर ओढलं त्यांना. फोनला रेंज नाही. मग त्यांना खडकाला टेकवून बसवलं आणि मी अन् पोरगी चौकीपर्यंत चालत गेलो. चार तास."

"अरे देवा. आता कसे आहेत?"

"प्लास्टर आहे. होतील बरे. मी भांडायला नाही आले हं. तुम्ही गेलात तेव्हा पाणी कमी असेल, आता वाढलंय. तेवढं तुमच्या नकाशावर लिहून ठेवा. उद्या दुसरं कुणी लेकराबाळांना घेऊन जाईल." मग तिची नजर बाकाकडे गेली. "तुम्ही काकू ना? तुम्हीच किंचाळला होतात!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता, पुसलेलाच.

"हो," ती म्हणाली. "पण तेव्हा पाणी एवढं नव्हतं."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. तीन थांबे गेले. मग बाहेर बघतच म्हणाली, "मी आणखी कुठे कुठे गेलेय?"

"सगळीकडेच."

"काय काय केलं तिथे?"

"तळ्यावर होडीत बसायला घाबरलीस," तो हळूच म्हणाला. "डोंगरावर माझ्या आधी पोचलीस."

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"तुम्ही मला गोष्टीत फिरवलंत, ते एक वेळ ठीक. पण आज त्या बाईच्या तोंडावर खोटं मी बोलले. विचारसुद्धा केला नाही. तिच्या नवऱ्याचा पाय मोडलाय, ती आपल्यालाच सांभाळून घेतेय, आणि मी म्हणते पाणी एवढं नव्हतं! आणि तिने ते खरं मानलं हो. ते जास्त लागतंय."

त्याला बायकोकडे मान वळवून बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने चौकीवर फोन लावला, विचारून विचारून पाण्याची खोली लिहून घेतली आणि त्या जंगलाचे, 'घोट्याएवढं पाणी' लिहिलेले जेवढे नकाशे कपाटात होते तेवढे सगळे फाडले. पण एवढ्याने काही भागत नव्हतं. रविवारी सकाळी बाईच्या अर्जावरचा पत्ता घेऊन तो निघाला. बायको सोबत आली. त्यांच्या इमारतीपाशी मात्र थांबली. "तुम्ही जा. मी आहे खाली."

तिसऱ्या मजल्यावर मुलीने दार उघडलं. बाईचा नवरा कोचावर होता, प्लास्टरमधला पाय स्टुलावर.

"अरे, काका! इतक्या लांब कशाला त्रास घेतलात? बसा, बसा," आतून येत बाई म्हणाली.

तो बसला नाही. बसलो तर बोलणं व्हायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"मी त्या ओढ्यावर कधी गेलेलो नाही," तो म्हणाला. "कुठेच गेलेलो नाही. बायकोही नाही. ती परवा माझी अब्रू राखायला बोलली, तिचा दोष नाही. घोट्याएवढं पाणी मला एका गाडीवाल्याने सांगितलं होतं. तेही ऐन उन्हाळ्यातलं."

मग बाई बोलली, आवाज न चढवता.

"चार तास मी हिला काय सांगत होते, माहितीये? पाय सोलवटले होते पोरीचे, रडत होती. मी म्हणत होते, काकाकाकू ह्याच वाटेने गेलेत बाळा, आपल्यालाही जमेल." ती थांबली. "स्वतःलाही तेच सांगत होते मी."

मुलगी आतून पाण्याचा पेला घेऊन आली होती. द्यायचा की नाही ते न कळून ती आईकडे बघत मध्येच उभी राहिली.

"दे त्यांना," आई म्हणाली.

तहान नव्हती, तरी तो उभ्याउभ्या सगळं प्यायला. पेला मुलीच्या हातात दिला. 'पुन्हा या' असं कुणी म्हणालं नाही. दार मात्र बाईने हळू लावलं.

खाली बायको फाटकाशी उन्हात उभी होती.

"सांगितलंत?"

"हो."

"माझं?"

"तुझंही सांगितलं. म्हटलं, तिचा काही दोष—"

"ते तुम्ही कसं ठरवलंत?" तिने पर्स खांद्यावर घेतली. "तुमचं तुम्ही सांगितलंत. माझं मला सांगू द्या."

"अगं, तीन जिने आहेत. तुझे गुडघे..."

ती आत शिरलीही होती. कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढत होती. पहिल्या मजल्यावर पावलं थांबली. दुसऱ्यावर त्याहून जास्त वेळ थांबली. तो जिन्याच्या तोंडाशी मान वर करून उभा राहिला. वर जावं की नाही, ते त्याला ठरवता येईना.

मग वर बेल वाजली.